तापी आपल्या गावाहून येते

सुरतेतल्या आपल्या घरांत ‘कुठेतरी निसर्गात जाऊ या’ असं कोणी म्हटलं की पुढचा शब्द ठरलेला असतो: सापुतारा. मग सुट्ट्या बघायच्या, दोन भावांच्या रजा जुळवायच्या, मोठी गाडी ठरवायची, हॉटेलचे भाव विचारायचे. आणि एवढं सगळं होईपर्यंत मुलांची परीक्षा येऊन उभी राहते. सापुतारा सुंदरच आहे, जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण दीडशे-एकशे साठ किलोमीटरवरचा डोंगर हाच आपला निसर्ग असेल, तर तो वर्षातून एकदाच भेटणार. उरलेलं वर्ष ट्यूबलाइटखाली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमचे ग्राहक अमेरिकेत, म्हणजे त्यांची सकाळ होते तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असते. संध्याकाळी साडेसातनंतर हेडफोन कानाला. नवरा कापड मार्केटमध्ये, तो घरी येतो तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. मुलगी आठ वर्षांची. शाळा, मग ट्युशन, मग होमवर्क. घरात उजेडी आकाश बघणारा माणूस एकच, माझे सासरे. ते रोज पहाटे उठून खाली चक्कर मारून येतात. बाकी आम्ही सगळे लिफ्टमधून पार्किंगमध्ये आणि पार्किंगमधून एसीत. हे वाचणाऱ्या बहुतेकांचं चित्र यापेक्षा फार वेगळं नसावं. डिंडोली असो की पाल, उधना असो की वेसू.

त्यामुळे ‘वेळ कसा काढायचा’ हा प्रश्न मला नेहमी चुकीच्या मापाचा वाटतो. आपण तीन दिवसांची मोकळीक शोधत बसतो, आणि ती सापडत नाही. पाऊण तास शोधला तर तो सापडतो. प्रश्न एवढाच उरतो की पाऊण तासात जाऊन येण्यासारखं आहे काय? आपल्या शहरात आहे. ती नदी आपण रोज पुलावरून ओलांडतो.

तापीबद्दल एक गोष्ट आपल्या पिढीला फारशी कोणी सांगितलेली नाही. मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेजवळ समुद्राला मिळते, हे भूगोलात होतं. पण तिच्या खोऱ्याचा सुमारे चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे, हे कळल्यावर मी नकाशा उघडून बसले होते. गुजरातच्या वाट्याला खोऱ्याचा अगदी लहान तुकडा येतो. म्हणजे धुळ्याच्या पांझरेचं पाणी, अमळनेरच्या बोरीचं, भडगावच्या गिरणेचं, भुसावळच्या अलीकडून येणाऱ्या वाघूरचं, सगळं शेवटी इथेच येतं. चांगदेवजवळ पूर्णा मिळते, पुढे हतनूरचं धरण, मग सारंगखेडा, प्रकाशा, आणि तिथून उकाई. १९७२ साली पूर्ण झालेलं उकाईचं धरण सुरतेपासून साधारण शंभर किलोमीटरवर. तिथून काकरापार, मांडवी, कामरेज, आणि मग आपल्या घरचा नळ. सुरतेच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार तापीच आहे. मामाच्या शेतावर पडलेला पाऊस काही दिवसांनी आपल्या माठात असतो, असं म्हटलं तर ते काव्य नाही, नुसती पाणीपुरवठ्याची माहिती आहे.

सुरतेत आलेली आपली बहुसंख्य कुटुंबं खानदेशातली. जळगाव, धुळे, नंदुरबारहून लोक इथे लूमवर, मिलमध्ये, मार्केटमध्ये कामाला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या आधी त्यांच्या वाटेने नदी आलेली होती. (कोकण-घाटावरून आलेल्या कुटुंबांनी रागावू नये, त्यांच्यासाठी डुमसचा समुद्र आहे, वाळू काळी आहे एवढंच.) माझे सासरे शिरपूरकडच्या तापीकाठच्या गावातले. सून म्हणून आल्यावर पहिल्या वर्षी त्यांच्याबरोबर कॉजवेवर गेले होते, तेव्हा ते पाण्याकडे बोट दाखवून सहज म्हणाले, “आपला गावनं पानी शे हाई.” मी हसले होते. नंतर नकाशा बघितल्यावर कळलं की त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आबांना नदी वाचता येते. हे वाचणं आमच्या मुलीला शाळेत कोणी शिकवणार नाही. सिंगणपोर आणि रांदेर यांना जोडणारा कॉजवे हा खरं तर बंधारा आहे, १९९५ साली बांधलेला. वरच्या बाजूला गोडं पाणी अडवायचं आणि खालून चढणारं भरतीचं खारं पाणी तिथेच थांबवायचं, अशी त्याची दुहेरी नोकरी. त्यामुळे एकाच जागी उभं राहून एका बाजूला तळ्यासारखी नदी आणि दुसऱ्या बाजूला खाडी बघायला मिळते. खालच्या बाजूची तापी दिवसातून दोनदा फुगते आणि दोनदा ओसरते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून तुम्ही दर रविवारी सात वाजताच गेलात तरी समोरची नदी वेगळी असते: कधी काठोकाठ, कधी नुसता ओला चिखल आणि त्यात चालणारे बगळे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हा फरक सगळ्यात मोठा. चंद्राचा आणि समुद्राचा संबंध मुलांना व्हिडिओ लावून समजावण्यापेक्षा दोन रविवार नेऊन दाखवावा.

पावसाळ्यात पाण्याची पातळी सहा मीटरच्या वर गेली की कॉजवे वाहतुकीला बंद होतो. त्या दिवसांत सुरतेचं प्रत्येक घर उकाईची पातळी विचारत असतं. ३४५ फूट हा आकडा इथल्या लहान मुलांनाही पाठ असतो, कारण २००६ चा ऑगस्ट कोणी विसरलेलं नाही. तेव्हा उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटलं आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेलं. आमच्या घरात त्या पुराची रेघ कपाटाच्या दारावर कितीतरी वर्षं होती. म्हणून नदीवर प्रेम करा असं मी नुसतं गोडगोड सांगणार नाही. पण जिची भीती वाटते तिची ओळख असलेली बरी. आता हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की आमची मुलगी विचारते, “आबा, आता प्रकाशाला पाणी पोहोचलं असेल का?” आणि आबा त्यांच्या भाच्याला फोन लावतात.

नदीवर जाण्याची सवय आमच्याकडे लागली तिचं कारण मात्र नदी नव्हती, डोळे होते. मुलगी पहिलीत असताना फळ्यावरचं दिसत नाही म्हणू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि विचारलं, “रोज किती वेळ बाहेर उजेडात असते?” मी स्क्रीनच्या प्रश्नाची तयारी करून गेले होते. हा प्रश्न अनपेक्षित होता, म्हणून घरी येऊन वाचत बसले. चीनमधल्या ग्वांगझो शहरात बारा शाळांमधल्या सहा-सात वर्षांच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत रोज फक्त ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, जादा तासाच्या शाळांत ३०.४ टक्के. फार मोठा चमत्कार नाही, पण एका फुकट तासाला एवढं पुष्कळ. कारण बहुधा उजेडाचं आहे. घरात चांगला दिवा असला तरी प्रकाश तीनशे-पाचशे लक्स असतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो हजारांत जातो. तेजस्वी प्रकाशात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन जास्त तयार होतं आणि त्यामुळे नेत्रगोलाची लांबी वाढणं मंदावतं, असं संशोधकांना वाटतं. एकदा आलेला नंबर यामुळे जात नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण पाठच्या भावंडांसाठी अजून वेळ असतो.

मोठ्यांसाठीही एक आकडा आहे. २०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की ही १२० मिनिटं एका दमात घेतली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. यातून कारण सिद्ध होत नाही, निरोगी माणसंच जास्त बाहेर पडत असतील अशी शंका काढता येते. तरी मी तो आकडा उचलला, कारण तो माझ्या कॅलेंडरमध्ये बसतो. रविवारी सकाळी ऐंशी मिनिटं आणि बुधवारी चाळीस. दर आठवड्याला आपोआप येणाऱ्या मीटिंगसारखं ते लावून टाकलं आहे. कोणी त्या वेळेत कॉल मागितला तर ‘आधीची मीटिंग आहे’ असं उत्तर जातं, आणि ते खोटं नसतं.

रविवारची वेळ सकाळचीच धरावी. सुरतेचा रविवार मुळात रात्रीचा असतो. अख्खं गाव डुमस रोडला निघतं, गाड्यांच्या रांगा लागतात, आणि आपण निसर्ग सोडून पार्किंग शोधत फिरतो. जूनमध्ये सहाला सूर्य वर आलेला असतो. जानेवारीत सव्वासात-साडेसातपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे थंडीत उशिरा उठणाऱ्यांनाही सबब नाही.

आता एक बायकांची गोष्ट. आपल्याकडे ‘चला बाहेर’ म्हटलं की घरातली एक बाई दोन तास आधी उठते. थेपले, कोरडी चटणी, डब्यात भात, पोरांना वेगळं, आबांना बिनतिखटाचं. सगळे ताजेतवाने होऊन परततात आणि ती ओट्यावर डबे घासते. अशाने महिन्याभरात तीच म्हणू लागते की या रविवारी राहू द्या. आमच्याकडे नियम असा आहे की नदीवर जाताना घरून पाण्याच्या बाटलीशिवाय काही न्यायचं नाही. परतताना लोचो किंवा खमण, जे गरम मिळेल ते. सुरतेत राहून रविवारचा नाश्ता घरी करणं हा तसाही अन्याय आहे. ओघात सांगते, असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी ज्या सुगरणीच्या खोप्यावर रचना केली, त्या पाखरात घरटं विणणारा नर असतो. पावसाळ्यात शहराबाहेर कालव्याच्या काठी बाभळीवर, शिंदीवर हे खोपे लोंबताना दिसतात. ते दाखवताना ही माहिती मी नवऱ्याला आवर्जून सांगितली.

पक्षी बघायला लागलं की भाषेची एक गंमत होते. मुलगी इंग्रजी माध्यमात, बिल्डिंगमध्ये गुजराती-हिंदी, मराठी फक्त घरात. आणि घरातली मराठी म्हणजे ‘जेव’, ‘आवर’, ‘झोप’. एवढ्या शब्दांवर भाषा किती दिवस टिकणार? मंडळाच्या कार्यक्रमात नाटुकलं बसवून घेतो ते चांगलंच आहे, पण ते पाठांतर. काठावर मात्र आबांच्या तोंडून एकेक शब्द येतो आणि समोर ती वस्तू हलत असते, त्यामुळे तो चिकटतो. तारेवर बसून अचानक पाण्यात सूर मारणारा खंड्या. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. चिखलात मान आखडून बसलेला वंचक, उडाला की अचानक पांढराशुभ्र. जमिनीवर अंडी घालून आकाश डोक्यावर घेणारी टिटवी. हिरवागार वेडा राघू. शहरातल्या झाडांवर दिवसभर ठोक-ठोक करणारा तांबट. डुमस रोडकडे गवियर तलावावर कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी. हे आबांना येतात, मला अर्धे येत होते, मुलीला एकही येत नव्हता. मोबाइलवरचं मर्लिन ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं इंग्रजी नाव सांगतं, फुकट आहे आणि पुष्कळदा बरोबर असतं. मग तिची आबांशी स्पर्धा लागते: ॲप आधी की आजोबा आधी. मराठी नाव मात्र आबांकडूनच घ्यावं लागतं. ते ऐंशीच्या घरात आहेत. हा शब्दकोश कायम शेजारी चालत राहणार नाही, हे मला रोज जाणवतं.

ज्यांना दर आठवड्याला जमणारच नाही त्यांच्यासाठी आपले सणच पुष्कळ आहेत, फक्त ते आपण छताखाली ओढून आणले आहेत. कोजागिरीचं दूध आपण हॉलमध्ये पंख्याखाली पितो. दुसऱ्याच रात्री सुरती माणूस चांदणी पडवा करतो: घारी आणि भुसू घेऊन गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, नदीकाठी चादर अंथरून चांदण्यात बसतो. सलग दोन रात्री चंद्राखाली बसण्याची सोय एवढ्या जवळ आणखी कुठे असेल? आपण दोन्ही साजऱ्या कराव्यात. थंडीत इथे पोंक येतो. पोंक म्हणजे आपला हुरडा. गावाकडे आगटीभोवती बसून खाल्लेला तोच ज्वारीचा कोवळा दाणा इथे शेव आणि लिंबू-मिऱ्याच्या गोळ्यांबरोबर मिळतो. तो पार्सल करून टीव्हीसमोर खाण्याऐवजी नदीच्या बाजूला उभं राहून खावा. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस असतो, सुरती लोक नदीला चुनरी नेसवतात. खानदेशी माणसाने त्या दिवशी काठावर असायला हवं, माहेरचं माणूस म्हणून.

आणि गावाला जाण्याचा प्रवास. लग्नं, अक्षय्य तृतीया, कानबाई, कोणाचं तरी उत्तरकार्य, या निमित्ताने आपण वर्षातून तीन-चारदा भुसावळच्या गाडीत बसतोच. शंभराहून अधिक वर्षं जुनी ही तापी खोऱ्याची लाइन. व्यारा गेलं की जमीन उंचसखल होऊ लागते, सोनगडच्या पुढे सागाची झाडं सुरू होतात, आणि नवापूर येतं, जिथलं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. फाल्गुनात या टापूत पळस फुललेला असतो. पानं नाहीत, नुसता केशरी रंग. जून-जुलैत तीच जमीन ओळखू येत नाही. हा संपूर्ण प्रवास मुलं मान खाली घालून मोबाइलवर काढतात आणि आपण डबा उघडतो. सोनगड ते नवापूर एवढ्याच पट्ट्यात फोन पिशवीत ठेवायचा, असं आम्ही ठरवलं आहे. संपूर्ण प्रवासाचा नियम केला तर तो मोडतो. एवढ्याशा पट्ट्याचा टिकतो, आणि एकदा मान वर झाली की पुष्कळदा नंदुरबारपर्यंत ती वरच राहते.

नदी स्वच्छ आहे का? नाही. कॉजवेच्या वर काही महिने जलपर्णी एवढी माजते की पाणी दिसत नाही, खालच्या बाजूला ओहोटीत वास येतो. काठावर प्लास्टिक आहे, निर्माल्याच्या पिशव्या आहेत, त्यांतल्या काही आपल्याही घरच्या असतील. थंडीत दूरच्या थंड प्रदेशांतून कुरव पक्षी हजारो मैल उडून इथे येतात, कॉजवेभोवती पांढरे थवे फिरतात, दृश्य खरोखर बघण्यासारखं असतं. आणि आपण त्यांना काय देतो, तर तळलेले गाठिये. फोटो चांगला येतो म्हणून. मासे-किडे खाणाऱ्या पाखराला बेसन आणि तेलाची गरज नसते. फुकटच्या खाऊवर जमलेला थवा माणसांना सोकावतो आणि पाण्यात तेल तरंगतं. मुलं हट्ट करतात, शेजारी विकायला लोक उभे असतात, तेव्हा ‘नाही’ म्हणायला जड जातं. आम्ही मुलीच्या हातात पुडी देण्याऐवजी वही दिली. थवा मोजायला सांगितला. पहिल्या दिवशी तिने ‘खूप’ असं लिहिलं होतं. आता ती दहा-दहाचे गट करते.

नव्याने सुरुवात करायची असेल तर नोव्हेंबर उत्तम. ऊन सोसतं, पाहुणे पक्षी आलेले असतात, चिखल वाळू लागलेला असतो. टोपी, पाणी, जुनी चप्पल; दुर्बीण असल्यास आठ-बेचाळीसची, नसल्यास काही अडत नाही. ओवाऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, मुलांचा हात धरूनच उतरावं, आणि भरतीच्या वेळी शेवटच्या पायऱ्यांकडे जाऊ नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढच्या सीटवर बसवून न्यावं. जाताना वाटेत त्यांना त्यांच्या गावच्या नदीचं नाव विचारावं, ती तापीला कुठे मिळते ते विचारावं. आमच्या बिल्डिंगमधल्या तीन कुटुंबांत हा प्रश्न विचारून झाला आहे: एक पांझरेचं निघालं, एक गिरणेचं, आणि एका आजींनी सांगितलं की त्यांच्या गावाला नदी नव्हतीच, नाला होता, पण पावसाळ्यात तोही तापीलाच जायचा.